सांगणारा आणि लिहून घेणारा

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपल्याकडे बहुधा संभाषण थांबवण्यासाठी वापरली जाते. ज्याचे जळते त्यालाच कळते, तेव्हा तुम्ही-आम्ही गप्प बसावे, असा तिचा रोख असतो. पण या म्हणीच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. ज्याला कळले, त्याला कोणी विचारावे की नाही? आणि विचारायचे तर केव्हा? जळत असताना, की राख थंड झाल्यावर?

फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचायचा हा विषय नव्हे, हे मला कळते. पण घरातली सगळी माणसे एकत्र बसली, की कोणीतरी जुनी गोष्ट काढतो आणि कोणीतरी ‘आता कशाला ते’ म्हणून ती मिटवतो. हा अनुभव ज्या घरात येत नाही असे घर विरळा. माझा प्रश्न तोच आहे, फक्त घराच्या जागी युद्धात सापडलेले शहर घालायचे.

साधा शहाणपणा काय सांगतो? घराला आग लागली असता जो बादली टाकून वही उघडतो आणि ‘आगीची सुरुवात कुठून झाली, तुम्हांला काय वाटले?’ असे विचारू लागतो, त्याला लोक वहीसकट विहिरीत ढकलतील. आधी पाणी, मग पंचनामा. मलाही पुष्कळ वर्षे हे इतके उघड वाटत होते, की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे मनात आले नाही.

इतिहासाच्या बाबतीत आपण मराठी माणसे तर राख चांगली थंड होऊ देणारी. पानिपत झाले १७६१ साली. काशीराज पंडित त्या वेळी शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि सारे जवळून पाहत होता. त्याने आपली हकिकत लिहिली ती १७८० साली, आणि तीही फारसीत. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्य मिळवायला म्हणून उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. जीव वाचवून घरी परतले, आणि पंचवीस वर्षे गेली. चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला म्हणून १८८३ साली भटजींनी ‘माझा प्रवास’ लिहिला. तो छापला गेला १९०७ साली, आणि तोही वैद्यांची लेखणी त्यावरून फिरल्यावर. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक वाचकांना मिळाले ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढले तेव्हा. म्हणजे तोफा थांबल्यापासून शंभरांहून अधिक वर्षे लोटल्यावर आपण एका भिक्षुकाला जसेच्या तसे बोलू दिले.

वैद्यांना मी नावे ठेवत नाही. त्यांनी विचारले नसते तर भटजींच्या आठवणी भटजींबरोबरच गेल्या असत्या. पण मध्ये गेलेला काळ फुकट जात नाही. तो मजकुरात हात घालतो. सोव्हिएत युनियनमधल्या ज्या बाया दुसऱ्या महायुद्धात लढल्या, त्यांच्या तोंडून युद्ध ऐकून स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी पुस्तक लिहिले ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्या काळात कित्येक घरांत नवराच बायकोला आधी बसवून ‘मी शिकवले तसे सांग’ म्हणून पढवत असे, असे त्यांनी नमूद केले आहे. चाळीस वर्षांत त्या बाईच्या आठवणीवर नवऱ्याचे, वर्तमानपत्राचे, शाळेच्या पुस्तकाचे असे तीन थर चढले होते. बाईंचे कौशल्य एवढेच, की त्या चहाचा दुसरा कप होईपर्यंत थांबत आणि थर खरवडून निघण्याची वाट पाहत.

मग जळत असतानाच विचारणारे कोणी झालेच नाही काय? झाले. त्यांची हकिकत मी सॅम्युएल कॅसो या इतिहासकाराच्या २००७ सालच्या इंग्रजी पुस्तकात वाचली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला मला एक अख्खी मे महिन्याची सुटी लागली. पण इतकी वर्षे मुलांना सनावळ्या पाठ करायला लावणारा मी, त्या सुटीनंतर निराळ्या मनाने वर्गात गेलो.

पोलंडची राजधानी वॉर्सा. जर्मनांनी १९४० च्या नोव्हेंबरात तिथल्या ज्यूंना एका भिंतीआड कोंडले. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर जागेत चार लाखांहून अधिक माणसे. आजूबाजूच्या गावांतून हुसकावलेली आणखी हजारो माणसे त्यातच ओतली जात होती. भूक, प्रलापक ज्वर, फुटपाथवर वर्तमानपत्राने झाकलेली प्रेते. भिंतीची दारे बंद होऊन आठवडा होतो न होतो तोच, २२ नोव्हेंबर १९४० रोजी, एमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या चाळिशीतल्या माणसाने आपल्या घरी काही मंडळी बोलावली. तो इतिहासाचा अभ्यासक होता आणि मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून त्याने पोट भरले होते.  बैठका शनिवारी होत, म्हणून गुप्त नाव पडले ‘ओयनेग शाबेस’, म्हणजे शब्बाथचा आनंद. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, तोच हा शनिवार.)

काम काय करायचे ठरले? भिंतीआड जे चालले आहे ते सगळे लिहून काढायचे. लढाईचे डावपेच किंवा पुढाऱ्यांची भाषणे एवढेच नव्हे, सगळे. त्यासाठी त्यांनी प्रश्नांच्या याद्या तयार केल्या. धान्य चोरून आत कसे येते आणि त्यात कोणाचा किती हिस्सा असतो? वाड्यावाड्यांतून ज्या समित्या निघाल्या त्या भांडतात कशावरून? आईबाप वारलेल्या मुलांचे काय होते? बोलण्यात कोणते नवे शब्द आले? लोक कोणते विनोद सांगतात? शिमोन हुबरबांड नावाचे एक रब्बी असले विनोद आणि वदंता जमवत हिंडत. पेरेत्झ ओपोचिन्स्की पोस्टमन होते. टपाल वाटताना जिने चढायचे, आणि जिन्यात जे ऐकले ते लिहायचे. सेसिलिया स्लापाकोव्हा या बाईंनी बायकांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या: नवरा गेल्यावर दुकान कसे चालवले, काय विकले, कोणापुढे हात पसरले. खेड्यांतून हाकलून आणलेल्या निर्वासितांकडून त्यांच्या गावाची हकिकत घेत आणि तिच्या प्रती करून निरनिराळ्या ठेवीत. ट्रामची तिकिटे, रेशनची कार्डे, गोळ्या-चॉकलेटांचे कागद, शाळकरी मुलांचे निबंधसुद्धा जपले. पन्नास-साठ माणसे या कामात होती आणि त्यांत मास्तर पुष्कळ होते. हे वाचताना मला अंमळ बरे वाटले, ते लपवण्यात अर्थ नाही.

आता माझा मूळ प्रश्न. हे लोक बादली टाकून वही उघडणारे होते काय?

रिंगेलब्लुमचा दिवस जात असे मदतकार्यात. वस्तीतल्या ज्या संस्थेतर्फे अन्नछत्रे चालत तिच्यात तो मोठा कार्यकर्ता होता. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, कोणाला कूपन द्यायचे ते ठरवायचे. वही उघडायची ती रात्री. राहेल आउअरबाख ही लेखिका लेश्नो रस्त्यावरचे एक अन्नछत्र चालवत होती, आणि त्याच अन्नछत्राविषयी ती या संग्रहासाठी लिहीत होती. तिच्या लेखनात एक गोष्ट पुन्हापुन्हा येते: माझे सूप कोणाला वाचवत नाही, मरण थोडे लांबवते एवढेच. रोज येणारी माणसे तिच्या डोळ्यांदेखत सुजत आणि एके दिवशी येईनाशी होत. रिंगेलब्लुमनेही १९४२ साली हाच पेच मांडून ठेवला आहे. असेल ते सगळ्यांना चमचा-चमचा वाटले तर कोणीच जगत नाही. मोजक्यांना पोटभर दिले तर ते मोजके कोणी निवडायचे, आणि कोणत्या अधिकाराने? या प्रश्नाचे उत्तर त्याला सापडले नाही. त्याने तो प्रश्न आहे तसा लिहून पेटीत घातला.

इथे माझ्या साध्या शहाणपणाला पहिला धक्का बसला. बादली आणि वही एकाच हातात असू शकतात. तेवढेच नव्हे, बादलीतले पाणी पुरत नाही हे ज्याला रोज दिसते, त्यालाच वहीची गरज सर्वांत जास्त भासते. दुरून पाहणाऱ्याला ते क्रौर्य वाटेल. पण सांगणारा कोणाला सांगत होता ते पाहा: स्वतःच्याच रांगेत उभ्या असलेल्या माणसाला. विचारणाऱ्याच्याही पोटात तीच भूक होती. त्यामुळे ‘तुला काय कळणार’ असे म्हणण्याची सोय सांगणाऱ्याला उरली नव्हती.

याच्या उलट एक प्रकार सांगतो, आणि त्यात आपली माणसे आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर पकडले गेलेले हिंदी शिपाई जर्मनांनी बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फच्या छावणीत ठेवले होते. १९१५ पासून १९१८ पर्यंत प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाचे विद्वान निरनिराळ्या छावण्यांतून फिरले आणि जगभरच्या भाषांचे नमुने त्यांनी ध्वनिमुद्रिकांवर घेतले. विल्हेल्म डोएगेन हा त्या कामाचा सूत्रधार. शिपायाला कर्ण्यापुढे उभे करायचे, डोके हलू द्यायचे नाही, ठरलेला मजकूर म्हणून घ्यायचा, आणि कागदावर लिहायचे: जन्मगाव, शिक्षण, वाद्य वाजवता येते काय, आवाज कसा आहे. काम अत्यंत पद्धतशीर. पण या विद्वानांना हवे होते उच्चार. बोलणाऱ्याला घराची आठवण येते की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

तरी एक गोष्ट निसटून राहिली. १९१६ च्या डिसेंबरात मल्लसिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या कर्ण्यासमोर उभा राहिला आणि स्वतःविषयी बोलला, पण ‘मी’ म्हणून नव्हे. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात होता, तो इंग्रजांच्या चाकरीत आला, युद्धात गेला, जर्मनांनी धरला, आता त्याला परत जायचे आहे – अशा धाटणीने, आजीने नातवाला गोष्ट सांगावी तसा. मुद्रिका मिनिटभराची. बर्लिनच्या संग्रहात ती नव्वद वर्षे पडून होती. २००७ साली फिलिप शेफनर यांनी तिच्यावर चित्रपट काढला तेव्हा जगाच्या कानी गेली. ज्यांनी तिला जपले त्यांना ती उच्चारांसाठी हवी होती, आणि ज्याने ती भरली त्याला घरी जायचे होते. दोघांचा व्यवहार एकमेकांना न कळताच पुरा झाला. मल्लसिंगाचे पुढे काय झाले याची विचारपूस त्या कागदाला करायची नव्हती.

आणि आपल्या मावळ्यांचे? मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात जी सहावी पुणे डिव्हिजन अडकली, तीत मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. घोडी मारून खाण्याची पाळी आली आणि शेवटी शरणागती. पुढे कैदेत वाळवंट तुडवताना किती गेले! साताऱ्याकडच्या पुष्कळ गावांत चावडीशी, देवळाशी अजून संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके गडी महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले. अपशिंग्याचे तर नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. पाटीवर आकडा आहे. जे परत आले त्यांना बसवून कोणी विचारले नाही, की बाबा, तिथे तुम्ही काय खाल्लेत, कोणाशी बोललात, घरच्यांचे पत्र पोचत होते का? पाटी बसवणाऱ्या सरकारला आकडा पुरे होता.

एक तिसरा प्रकार आहे, तो या दोहोंहून अवघड. सोव्हिएत सरकारने १९४१ च्या अखेरीस इसाक मिंत्स या इतिहासकाराच्या हाताखाली एक आयोग नेमला. जानेवारी १९४३ मध्ये, स्टालिनग्राडची लढाई अजून संपायची होती, तेव्हाच आयोगाची माणसे लघुलेखक बरोबर घेऊन त्या शहरात पोचली. सेनापती, साधे शिपाई, परिचारिका, स्वयंपाकी, गिरणीतले कामगार अशा दोनशेंवर माणसांची जबानी त्यांनी तिथे उतरवून घेतली. साऱ्या युद्धभर मिळून हा आकडा काही हजारांवर गेला. विचारणारे आपलेच, विचारण्याची तऱ्हाही माणुसकीची. मग अडले कुठे? युद्ध जिंकल्यावर सरकारला एकच गोष्ट हवी होती, आणि या हजारो माणसांच्या हजार गोष्टी होत्या. कागद बस्त्यात गेले. योखेन हेलबेक या जर्मन इतिहासकाराने स्टालिनग्राडच्या जबान्या उजेडात आणल्या तेव्हा २०१२ साल उजाडले होते. सांगणारे बहुतेक गेलेले होते. त्यांनी सांगितले ते सरकारला, आणि सरकारने ते ऐकून कुलूप लावले.

म्हणून, वेळ कोणती या प्रश्नापेक्षा विचारणारा कोण, हा प्रश्न मला मोठा वाटू लागला आहे. त्याला तुझा आवाज हवा आहे, आकडा हवा आहे, जयजयकार हवा आहे, की तू?

माझ्या गावची एक गोष्ट इथे सांगतो. शाळेच्या मागे एक म्हातारी राहते. तिचा नवरा १९६५ च्या युद्धात पंजाबात पडला. दर स्वातंत्र्यदिनाला आम्ही तिला झेंड्याशी खुर्ची देतो, नारळ देतो. मी कादंबऱ्या लिहितो हे तिला ठाऊक आहे आणि त्याबद्दल तिचे मत फारसे चांगले नाही. एकदा मी तिला म्हटले, ‘मावशी, तुमचं सगळं एकदा लिहून घ्यावं म्हणतो.’ ती म्हणाली, ‘मास्तर, समदी मला इचारत्यात, मालक कसं गेलं. आता मी काय तितं व्हते का? मला काय ठावं? मला इचारा की, तार आली त्या दिशी घरात काय व्हतं.’ मी विचारले. ती जराही न अडखळता म्हणाली, ‘म्हस आदल्या दिशी व्याली व्हती. चुलीवर खरवस शिजत व्हता. तार आली न् समदा गाव गोळा झाला. त्यो खरवस कुनी खाल्ला, मला आजून आठवत न्हाई. साठ वरसं झाली, मी इचार करतीया.’

मी वही उघडली तशी म्हणाली, ‘ल्ह्या, पर ल्ह्यालं की मला वाचून दावा. आन् दीर-जावांचं जे सांगन ते मी हाय तवर छापायचं न्हाई.’ वर दिले आहे तेवढे छापायला तिने मोकळीक दिली आहे. बाकीच्या दोन वह्या माझ्या कपाटात आहेत. त्यांत तिच्या वाट्याच्या शेताचे आणि पेन्शनच्या पैशांचे जे आहे त्यावर एक चांगली कादंबरी होईल, हे मला दिसते. कपाटाची किल्ली मात्र तिच्याकडे आहे असे मी समजतो.

मावशीच्या या अटीपाशी मला वॉर्साची सगळ्यांत अवघड बाजू नीट कळली. त्या भिंतीआड सगळेच काही धीरोदात्त नव्हते. ज्यूंचेच पोलीस होते. १९४२ च्या उन्हाळ्यात माणसे पकडून गाड्यांकडे नेण्याच्या कामी त्यांचे हात लागले. पैसेवाले उपाहारगृहात जेवत होते आणि दारात मुले मरत होती. हे लिहायचे काय? शत्रूने मानगूट धरलेली असताना आपल्याच माणसांची लाजिरवाणी कृत्ये कागदावर उतरवायची? तो कागद शत्रूच्या हाती पडला तर? आणि पडला नाही तरी, मेलेल्यांची बेअब्रू?

पुष्कळ सज्जन माणसे इथे म्हणतील, ‘नको, ही वेळ नव्हे.’ रिंगेलब्लुमच्या मंडळींनी ते लिहिले, आणि जळजळीत लिहिले. पोलिश शेजाऱ्यांविषयी चांगले ते चांगले, वाईट ते वाईट. क्वचित एखादा जर्मन माणुसकीने वागला तर तेही. मला त्यांचे करणे योग्य वाटते, आणि ते एका कारणासाठी: त्यांनी ते वर्तमानपत्रात दिले नाही, पेटीत घातले. आपण सत्य सांगणे आणि सत्य जाहीर करणे या दोन गोष्टी एक समजून वाद घालतो. संग्रह करणारा सत्याला वाट पाहायला लावू शकतो. जे आज सांगितले तर माणूस मरेल, ते उद्यासाठी ठेवायचे. आणि जे आज सांगितले नाही तर माणसे मरतील, ते मात्र आजच बाहेर पाठवायचे.

दुसरी गोष्टही त्यांनी केली. हेल्म्नो येथे माणसांना बंद मोटारीत धुराने गुदमरवून मारत होते. तिथे खड्डे खणण्याच्या कामाला जुंपलेला एक तरुण १९४२ च्या जानेवारीत निसटून वॉर्सात आला. संग्रहात त्याचे नाव श्लामेक एवढेच. हर्श वासर आणि त्याची बायको ब्लूमा यांनी त्याला आसरा दिला आणि त्याच्याकडून दिवसावार हकिकत उतरवून घेतली. ती भूमिगतांच्या मार्फत लंडनला रवाना झाली. श्लामेकला धोका आहे म्हणून त्याला दूर झामोश्चला धाडले. तिथल्या लोकांबरोबर १९४२ च्या एप्रिलात तो बेल्झेकला नेला गेला. २६ जून १९४२ रोजी लंडनच्या रेडिओने पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी दिली, तेव्हा रिंगेलब्लुमने वहीत आनंद नोंदवला: आपले काम वाया गेले नाही, आता जग काही करील. २२ जुलैपासून गाड्या सुटू लागल्या. सप्टेंबरपर्यंत वॉर्सातून सुमारे अडीच लाखांहून अधिक माणसे त्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आली. जगाला कळले होते. कळणे आणि धावणे यांत किती अंतर असते ते मोजायचे कोणाला असेल तर या दोन तारखा पुरेत.

आज हा पेच सुटलेला नाही, उलट वाढला आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चाल केली आणि काही आठवड्यांतच ल्विव्हमधले आणि पोलंडमधले अभ्यासक निर्वासितांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करू लागले. त्यांच्यातच वाद झाला: काल घर पडलेल्या बाईला आज ‘सांगा’ म्हणणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे नव्हे काय? हा वाद त्यांनी केला हे मला आवडले. पण दुसरा धोका अधिक मोठा आहे असे मला वाटते. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. रडणाऱ्या माणसाचे चित्र घटकेत पृथ्वीप्रदक्षिणा करून येते. पेटी आणि छापखाना एकच झाले आहेत. सत्याला वाट पाहायला लावण्याची ताकद, जी त्या भुकेल्या मास्तरांच्या अंगी होती, ती आपल्यात उरली आहे की नाही कोण जाणे. गावाचे नाव, घराचा नंबर, लेकीचे नाव बोलून गेलेली बाई उद्या पुन्हा त्याच गावी, त्याच सैन्याच्या ताब्यात राहणार असेल, तर तिला वाचवायला नुसती सहानुभूती पुरणार नाही.

वॉर्साच्या पेट्यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. इस्राएल लिख्टेनश्टाइन हे शाळामास्तर नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ नंबरच्या शाळेत कागद राखत होते. गाड्या सुटू लागल्यावर, १९४२ च्या ऑगस्टच्या आरंभी, त्यांनी आपल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या मदतीने पत्र्याच्या दहा पेट्या त्या शाळेच्या तळघरात पुरल्या. दाविद ग्राबेर एकोणीस वर्षांचा, नाहुम ग्झिवाच अठरा वर्षांचा. पेटीचे झाकण लावण्याआधी दोघांनी घाईघाईने चार ओळी स्वतःच्या लिहून आत टाकल्या. नाहुमला लिहिता लिहिताच कळले, की त्याचे आईबाप राहतात त्या घराला वेढा पडला आहे. मी तिकडे धावतो, असे लिहून त्याने आपले नाव पुन्हा एकदा नीट लिहिले. मास्तरांनीही लिहिले. स्वतःसाठी त्यांनी आठवणीपलीकडे काही मागितले नाही. बायको गेला सेक्श्टाइन चित्रकार होती, तिची चित्रे आठवावीत. आणि मुलगी मार्गालित, आज वीस महिन्यांची आहे, तिला आठवावे.

१९४३ च्या फेब्रुवारीत आणखी कागद दुधाच्या दोन कॅनांत भरून तिथेच पुरले. १९ एप्रिलला वस्तीने उठाव केला, आणि जर्मनांनी सारी वस्ती जाळून जमीनदोस्त केली. रिंगेलब्लुम, त्याची बायको आणि मुलगा उरी भिंतीबाहेर एका तळघरात लपले होते. ७ मार्च १९४४ रोजी ती जागा उघडकीस आली आणि काही दिवसांत सगळ्यांना गोळ्या घातल्या. संग्रहाच्या पन्नास-साठ जणांपैकी युद्धाअखेर जिवंत राहिली तिघे: हर्श वासर, ब्लूमा वासर आणि राहेल आउअरबाख.

शोधा म्हणून बाईंनी धोशा लावला. सगळ्या रस्त्यांची ओळख पुसलेली. विटांच्या ढिगाऱ्यांवर उभे राहून नोवोलिप्की ६८ कुठे असेल याचा अंदाज घ्यायचा. १८ सप्टेंबर १९४६ रोजी पेट्या सापडल्या. त्यांची तोंडे नीट झाळलेली नव्हती, आत पाणी शिरले होते, कागद एकमेकांना चिकटले होते, शाई पसरली होती. एकेक पान सोडवून वाळवावे लागले. दुधाचे कॅन सापडले १ डिसेंबर १९५० रोजी, आणि त्यांतले कागद बरेच सुस्थितीत होते. दुधासाठी बनवलेले भांडे ते, पाणी आत कसे येऊ देईल! सारे मिळून पस्तीस हजारांच्या आसपास पाने भरतात. १९९९ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतीच्या यादीत त्यांचा समावेश केला. आता ती वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत ठेवली आहेत आणि कोणालाही पाहता येतात.

राहेल आउअरबाख पुढे इस्राएलला गेल्या. तिथे १९५४ पासून त्यांनी याद वाशेम संस्थेच्या साक्षी गोळा करणाऱ्या विभागाचे काम उभे केले आणि वर्षानुवर्षे त्या वाचलेल्या माणसांपुढे बसून त्यांचे सांगणे लिहून घेत राहिल्या.

तिसरा एक भाग होता. तो श्वेंतोयेर्स्का रस्त्यावरच्या ३४ नंबरच्या घराखाली पुरला होता असे म्हणतात. ती जागा आज चिनी वकिलातीच्या आवारात किंवा त्याच्या आसपास येते. २००३ साली तिथे शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. त्यात कोणाकोणाची हकिकत होती, याची यादी नाही.